आत नेलं ते बाहेर आणावं

विमान सुरक्षा निरीक्षक म्हणून सरकारने माझी निवड केली, ही बातमी आमच्या इमारतीत लिफ्टपेक्षा लवकर पाचव्या मजल्यावर पोचली. अर्थात आमच्या लिफ्टच्या आधी पोचणं यात बातमीचा फारसा मोठेपणा नव्हता. त्या लिफ्टविषयी पुढे बोलायचंच आहे. तूर्त एवढंच, की संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा माझ्या अभिनंदनासाठी सोफ्यावर बसायला मलाच जागा नव्हती.

"म्हणजे आता तिकिटं फुकट," इमारतीचे सेक्रेटरी चहाचा कप उचलत म्हणाले.

"नाही हो."

"निम्म्यात तरी?"

"नाही."

"बरं, निदान खिडकीची जागा?"

मी मान हलवली तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू सरकारने मला चांगलंच गंडवलं आहे. तळमजल्यावरच्या वकिलांनी विचारलं, दंड करता येतो का. म्हटलं, मी फक्त अहवाल लिहिणार. "म्हणजे दंड करणार दुसराच," वकील हळहळले. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा तर वेगळाच समज होता. "ते विमानात हात पसरून दारं दाखवतात, तेच ना तुम्ही? छान. फक्त थोडं पोट कमी करा."

माणसाच्या आयुष्यातला मोठा दिवस त्याच्या शेजाऱ्यांनी साजरा करू नये, असा एक नियम सरकारने खरं तर करायला हवा. इतकी वर्षं मी एका खासगी कंपनीच्या हँगरमध्ये विमानाखाली उताणा पडून काम केलेलं. निरीक्षक आले की आम्ही लगबगीने चहाचे कप लपवायचो. आता चाळिशी उलटल्यावर कप लपवणाऱ्यांतून मी कप शोधणाऱ्यांत गेलो होतो. पण हे त्या मंडळींना सांगणार कसं?

सगळे गेल्यावर आई तिच्या खोलीतून बाहेर आली. मुद्द्याचं एकटी तीच बोलली.

"विमान उडवायचं की नाही, हे तू ठरवणार?"

"तसं नाही गं. पण काही वावगं दिसलं तर थांबवता येतं."

"मग ठीक. तू बघितलेल्या विमानातून मी जाईन ताईकडे."

माझी मोठी बहीण फार लांब राहते. रेल्वेने तिथे पोचेपर्यंत आईच्या गुडघ्यांचे हाल होतात, आणि विमानाला तर ती भयंकर घाबरायची. ताईने बोलावून बोलावून तोंडाची वाफ दवडली, पण आई हलली नव्हती. आता मी तिला समजावलं, की निरीक्षक असा घरच्यांच्या फर्माइशीवर विमान तपासत नसतो. कुठलं विमान बघायचं हे ऐनवेळी ठरतं, आणि ते आधी कुणाला सांगायचं नसतं.

"मग तुझ्या नोकरीचा घरच्यांना उपयोग काय?" आई म्हणाली. बायकोने स्वयंपाकघरातून दुजोरा दिला. सासू-सुनेचं एकमत आमच्याकडे माझ्या बाबतीतच होतं.

कार्यालयात रुजू झालो. मला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली नाही. खुर्च्या देणारा विभाग फक्त कायम झालेल्या अधिकाऱ्यांना खुर्ची देई, आणि मी अजून शिकाऊ. मी तसा अर्ज केला, तर तो 'समक्ष बसून भरावा' म्हणून परत आला. शेवटी विमान सुरक्षेच्या नियमांचे जाडजूड खंड एकावर एक रचून मी त्यांच्यावर बसायला लागलो. चांगली उंची झाली होती. तेवढ्यात माझ्या वरिष्ठ निरीक्षक मॅडम आल्या, मला बघितलं आणि म्हणाल्या, "ते वाचायला दिलेत."

मॅडमविषयी सांगायला हवं. त्या बुटक्या, पायात नेहमी चालायचे बूट, आणि बोलणं असं की शब्दांवर जणू कर बसतो. मी निरीक्षक होणार की नाही, हे त्यांच्या हातात होतं. प्रशिक्षण संपलं की त्यांच्या नजरेखाली मी एक खरी तपासणी करायची. त्यांनी 'एकट्याने तपासणीस योग्य' असा शेरा मारला तर मी निरीक्षक. नाही मारला तर पुन्हा पहिल्यापासून प्रशिक्षण, म्हणजे पुन्हा तेच टेबल आणि तेच खंड. माझ्याआधीचा एक उमेदवार म्हणे असा फेऱ्यात अडकून शेवटी कंटाळून शेती करायला गेला होता.

मॅडमनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. "दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. आणि आत नेलं ते बाहेर आणायचं."

दुसरी गोष्ट मला हँगरपासून माहीत होती. विमानात विसरून राहिलेला एक पाना शंभर शत्रूंना भारी. एखादा स्क्रू जरी गडगडत नको तिथे जाऊन अडकला, तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून विमानात शिरण्याआधी खिशातली एकूण एक वस्तू समोर मांडायची, मोजायची, आणि बाहेर आल्यावर पुन्हा मांडून मोजायची. पेन, वही, चष्मा, टॉर्च, दांडीचा छोटा आरसा, सगळं. मॅडम तर म्हणत, खिशात चणा असला तर चणाही मोजा.

आता एखादी गोष्ट अंगवळणी पडायची तर सराव नको? मी घरी सराव सुरू केला. दुकानात निघालो की जेवणाच्या टेबलावर खिसे रिकामे करायचे, मोजायचे, भरायचे. परत आलो की पुन्हा तेच.

"अहो, साबण आणायला निघालात की लढाईवर?" बायकोने विचारलं. मी लक्ष दिलं नाही. मोठ्या कार्याला घरातूनच विरोध होतो, हे इतिहासात वाचलेलं होतं. तेव्हा एके दिवशी तिने गुपचूप माझ्या खिशात कपडे वाळत घालायचा चिमटा टाकला. परत येऊन मोजतो तर एक वस्तू जास्त! कमी भरलं तर शोधता येतं. जास्त भरलं तर काय करायचं, याविषयी नियमांचे सगळे खंड गप्प होते. मी टेबलापाशी बराच वेळ चिमट्याकडे बघत उभा राहिलो आणि ती पदर तोंडाला लावून हसत राहिली.

घर तपासून झालं. गॅसची नळी बदलली, आईचं डुगडुगतं स्टूल माळ्यावर टाकलं (ते तिने दुसऱ्या दिवशी परत काढायला लावलं), न्हाणीघरात 'पाय घसरू शकतो' अशी पाटी लावली. त्या पाटीकडे बघता बघता मीच घसरलो, पण हे घराबाहेर कुणाला माहीत नाही. घरात तपासायला काही उरलं नाही तेव्हा माझी नजर लिफ्टकडे वळली.

खरं तर सेक्रेटरीच म्हणाले होते, "घरचा निरीक्षक आहे, जरा आपली लिफ्ट बघा की." त्यांची अपेक्षा होती, मी लिफ्टकडे बघून 'वा' म्हणावं. मी दोन रविवार बघितलं. मग दिसलं ते लिहिलं, वाटलं ते लिहिलं नाही. वर जाताना येणारा आवाज, दार लागायच्या आधी हलणारा लिफ्टचा पाळणा, वरच्या खोलीतल्या दोराचे सुटलेले धागे. कागद सेक्रेटरींच्या हातात दिला. त्यांनी तो कौतुकाने लिफ्टच्या कंपनीला पाठवला. कंपनीचा माणूस आला, कागद वाचला, वर चढला, खाली उतरला, आणि लिफ्टला टाळं ठोकून गेला. दोर यायला वेळ लागणार होता.

आता आमच्या इमारतीचे मजले पाच. सेक्रेटरी पाचव्यावर. काकू चौथ्यावर. आम्ही तिसऱ्यावर, आणि आमच्याकडे आईचे गुडघे. जिन्यात मला बघितलं की लोक कठडा धरून थांबायचे आणि मोठ्याने धापा टाकायचे. जे जेमतेम पहिल्या मजल्यावर राहत होते, तेही. काकूंनी मला ऐकू जाईल अशा बेताने भिंतीला सांगितलं, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." वकील तळमजल्यावर राहायचे, त्यांचा लिफ्टशी काडीचा संबंध नव्हता, पण तेही म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे."

आणि नेमका याच मुहूर्तावर माझ्या चारित्र्याची चौकशी करायला पोलीस आला.

झालं असं, की विमानतळाच्या आत जायचं तर ओळखपत्र लागतं. ओळखपत्र देणारी कचेरी विमानतळाच्या आत. फाटकावर मी म्हटलं, ओळखपत्र काढायला आत जायचंय. पहारेकरी म्हणाला, आत जायला ओळखपत्र दाखवा. आमचा हा संवाद रोज होऊ लागला. एकदा तर मला येताना बघून त्यानेच माझं वाक्य म्हटलं आणि मी त्याचं. शेवटी मॅडमनी एका वाक्याचं पत्र दिलं आणि मी आत गेलो. तिथे फोटो काढला, त्यात दोन्ही कान दिसायला हवे होते; माझे कान डोक्याला इतके चिकटून बसलेले, की फोटोवाल्याने मला कान पुढे ओढून धरायला लावलं. त्या ओळखपत्रावर आजही मी कुणीतरी नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. एवढं झाल्यावर शेवटची पायरी उरली, शेजाऱ्यांकडून चारित्र्याचा दाखला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

पोलीस चांगला धट्टाकट्टा होता. त्याने पाचव्या मजल्यापासून सुरुवात करायचं ठरवलं, आणि तिथे पोचेपर्यंत त्याचं माझ्याविषयीचं मत तयार होत आलं होतं. "लिफ्ट कुणी बंद केली?" हा त्याचा पहिला प्रश्न. सेक्रेटरींनी खाली बोट दाखवलं. चौथ्या मजल्यावर काकूंनी खाली बोट दाखवलं. वकिलांनी वर दाखवलं. सगळी बोटं आमच्या दारावर येऊन थांबली.

मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. माझी इज्जत जिन्यात मांडली होती आणि मला बाहेर जाता येत नव्हतं.

"माणूस कसा आहे?" पोलिसाने सेक्रेटरींना विचारलं. तेही त्याच्या मागोमाग उतरून आले होते.

"सज्जन आहे," सेक्रेटरी नाइलाजाने म्हणाले. "पण फार तपासतो."

"दारू, मारामारी, उधारी?"

"छे हो! एखादं व्यसन असतं तर बरं झालं असतं. मग आमच्या लिफ्टकडे बघायला वेळ मिळाला नसता."

पोलिसाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. 'सज्जन आहे, पण फार तपासतो.' ओळखपत्राच्या कचेरीत ते वाचून एक माणूस हसला आणि त्याने शिक्का मारला. विमानतळाला हवा होता तो हाच दोष होता.

लिफ्टचा दोर बदलला त्या दिवशी कंपनीच्या माणसाने जुना दोर काढून जिन्यापाशी टाकला. एके ठिकाणी तो दोर राहिलाच नव्हता, नुसता कुंचला झाला होता. सगळे येऊन बघून गेले. कुणी माझ्याजवळ काही बोललं नाही. काकूंनी मात्र त्या संध्याकाळी घरी केलेलं काहीतरी वाटीत झाकून पाठवलं, आणि सेक्रेटरी स्वतः आले.

"हे तुमच्यासाठी," ते म्हणाले. हातात चकचकीत टॉर्च होता. "तीन प्रकारचा उजेड पडतो. सगळ्या इमारतीतर्फे."

मला भरून आलं. खरंच आलं. कार्यालयाचा टॉर्च खुर्चीबरोबर यायचा होता, म्हणजे तोवर अंधारच होता. मी तो टॉर्च सगळ्यांसमोर तीनही प्रकारे लावून दाखवला. हँगरमध्ये इतकी वर्षं काढली, पण कुणी कधी माझ्या कामासाठी मला काही दिलं नव्हतं. त्या रात्री तो मी उशाशी ठेवला.

सेक्रेटरींनी जाता जाता आणखी एक बातमी दिली. त्यांना मुलीकडे जायचं होतं, आणि त्यांची मुलगी आमच्या ताईच्याच शहरात होती. "आईंना घेऊन जातो. तिकीट काढू का?"

आई दारात उभी होती. तिने जिन्यापाशी पडलेला तो जुना दोर बघितला होता. ती म्हणाली, "काढा."

"आणि विमान याने बघितलेलं नसलं तर?" बायकोने विचारलं.

"याच्यासारखाच कुणीतरी बघणारा असेल ना तिथे. त्यालाही आई असेलच," आई म्हणाली. पण ओठ घट्ट मिटलेले होते.

माझी परीक्षेची तपासणी नेमकी त्याच दिवशी लागली. मी आईला काही सांगितलं नाही, आणि आईने मला एवढंच विचारलं, की विमानात तू दिसलास तर ओळख दाखवायची का. म्हटलं, मुळीच नाही, मी सरकारी कामावर असेन.

सकाळी विमानतळावर ओळीने विमानं उभी होती. मॅडमनी डोळ्यांवर आडवा हात धरून बघितलं आणि एकाकडे बोट केलं. "हे."

मी शेपटीवरचं चित्र बघितलं, हातातल्या कागदावरचं उड्डाण बघितलं, आणि पुन्हा शेपटी बघितली.

"मॅडम, एक सांगायचंय. या विमानात माझी आई बसणार आहे."

"बरं."

"म्हणजे, दुसरं कुठलं बघूया का?"

"विमानात कुणाची ना कुणाची आई असतेच," मॅडम म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

गाडीच्या बॉनेटवर मी खिसे रिकामे केले. पेन, वही, चष्मा, आरसा, टॉर्च. मोजले, भरले. आणि मग, सांगायला हरकत नाही, मी फार सुंदर तपासणी केली. चाकांची झीज बघितली, चाकांच्या वरच्या पोकळीत टॉर्च मारून तेलाचे ओघळ शोधले, दिवे, दारं, पंख्यांची पाती बघितली. त्या विमानाच्या मेकॅनिकने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी ओळखत होतो. चहाचे कप लपवलेले असणार. मी मनात म्हटलं, चहा पी रे बाबा, मी तेलाचे ओघळ शोधतोय. मॅडम मागे चार पावलांवर नुसत्या चालत होत्या.

आतलं काम करायला वर गेलो तोवर प्रवासी येऊन बसत होते. कॅप्टन हसरे होते. कॉकपिटमध्ये मी कागदपत्रं बघितली, त्यांच्या सीटमागच्या अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाकून, टॉर्च मारून वाचली. मग मधल्या वाटेने मागे निघालो. आपत्कालीन दारं, सीटखालची जीवरक्षक जाकिटं. खिडकीशी आई बसली होती. शेजारी सेक्रेटरी.

ओळख न दाखवण्याचं काम आईने इतकं मनावर घेतलं होतं, की ती मला 'अहो' म्हणाली.

"अहो साहेब, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे, आजी," मी म्हटलं. जन्मदात्रीला आजी म्हटलं. सरकारी नोकरी माणसाला काय काय करायला लावते! तिचा पट्टा सैल होता, तो मी ओढून घट्ट केला. तेवढ्यात तिने मान खाली घालून हळूच विचारलं, "डबा खाल्लास का?" मागच्या सीटवरच्या बाईंनी चमकून बघितलं. मी गंभीर चेहऱ्याने पुढे गेलो.

खाली उतरलो तेव्हा माझी छाती शर्टात मावत नव्हती. एकही दोष सापडला नव्हता, वेळ चुकली नव्हती. विमानाला विनाकारण उशीर करायचा नाही, हाही आमचा नियमच. वर दार बंद करायची तयारी चालली होती. मॅडम पलीकडे फोनवर बोलत होत्या. मी सवयीने बॉनेटवर खिसे रिकामे केले. पेन, वही, चष्मा, आरसा, टॉर्च.

टॉर्च हलका लागला. उलटा करून बघितला. मागचं झाकण नव्हतं. झाकण नव्हतं आणि झाकणाच्या आतली स्प्रिंगही नव्हती. सेल खिशात घरंगळून पडले होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा असं होऊ नये म्हणून मी खिसे उलटे केले, अस्तर चाचपलं, बूट काढून झटकले, गाडीखाली वाकून बघितलं. झाकण कुठेच नव्हतं. टॉर्च शेवटचा लागला होता कॉकपिटमध्ये. म्हणजे झाकण आत होतं, आणि आत म्हणजे कुठेही.

इथे मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही. क्षणभर मनात आलं, की एवढंसं तर झाकण. कुणाला कळणार? मॅडमची पाठ आहे. शेरा मिळणार आहे. खुर्ची मिळणार आहे. विमान थांबवलं तर माझी आजवरची सगळ्यात सुंदर तपासणी विमानतळाच्या इतिहासातली सगळ्यात हास्यास्पद तपासणी होणार होती. चोर शोधायला आलेल्या पोलिसाने आपलीच काठी कुणाच्या तरी घरात विसरावी, तसं. मी वर बघितलं. खिडक्यांच्या रांगेतल्या एका खिडकीत आईचा चेहरा होता. ती मला हात करत नव्हती, कारण मी सरकारी कामावर होतो. नुसती बघत होती. भीती वाटत असली की ती जशी बघते, तशी.

"मॅडम!" मी ओरडलो. "विमान थांबवा."

मॅडम फोन ठेवून आल्या. "काय दिसलं?"

"माझ्या टॉर्चचं झाकण दिसत नाही. आत राहिलंय."

त्यांनी टॉर्च हातात घेतला, मागच्या भोकातून माझ्याकडे बघितलं, आणि हात वर करून शिडी थांबवली.

पुढे काय झालं ते आठवलं की अजून कान तापतात, आणि आता ते डोक्याला चिकटून राहत नाहीत असं वाटतं. आत घोषणा झाली: 'तपासणी अधिकाऱ्यांची एक वस्तू विमानात राहिल्याने उड्डाणास विलंब होत आहे.' त्यांना 'तांत्रिक कारण' म्हणता आलं असतं, पण नाही म्हणाले. मी मधल्या वाटेत वाकून वाकून शोधत होतो आणि दोन्ही बाजूंनी लोक बोलत होते. कुणाची पुढची गाडी चुकणार होती, कुणाची बैठक. मगाचचा तो मेकॅनिक माझ्यामागे शोधत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कुठल्याच मेकॅनिकच्या चेहऱ्यावर बघितलेला नाही.

शेवटी मी कॉकपिटमध्ये पालथा पडलो. टॉर्च देणारे, टॉर्च घेणारे, सगळे जागेवर होते, पण उजेड नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कॅप्टननी स्वतःच्या फोनचा उजेड धरला. "अहो, एवढ्याशा झाकणासाठी..." ते हसत म्हणाले. मी दांडीचा आरसा सीटखालून पुढे सरकवला, फिरवला, विमान वळवायच्या पेडलच्या मागे नेला. आरशात काहीतरी चकाकलं. उजव्या पेडलच्या मागच्या फटीत झाकण रुतून बसलं होतं, स्प्रिंगसकट.

कॅप्टननी वाकून बघितलं. मग त्यांनी ते पेडल हाताने हळूच दाबलं. ते जायला हवं होतं तिथवर गेलं नाही. कॅप्टनच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यांनी झाकण स्वतः बाहेर काढलं, पेडल पुन्हा पूर्ण दाबून बघितलं, आणि झाकण माझ्या तळहातावर ठेवलं. "तुमची वस्तू," ते म्हणाले, आणि माझी मूठ दोन्ही हातांनी मिटून थोडी धरून ठेवली.

मी खाली उतरलो. येताना आईकडे बघायचं धाडस झालं नाही. विमान गेलं. बॉनेटवर पुन्हा सगळ्या वस्तू मांडल्या, झाकणासकट मोजल्या. मॅडम गाडीत बसून अहवाल लिहीत होत्या. मी मनाशी नियमांचे खंड परत रचायला घेतले होते.

"एकच दोष सापडला," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "तपासनिसाच्या टॉर्चचं झाकण. दिसलं ते लिहिलं."

"बरोबर आहे, मॅडम."

"माझं पहिल्या वर्षी पेनाचं टोपण राहिलं होतं."

मी चमकलो. "मग?"

"मग काय, सांगितलं. त्या विमानात मंत्री होते." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमची तर नुसती आई होती."

खाली शेरा होता: 'एकट्याने तपासणीस योग्य.' मी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. म्हटलं, "मॅडम, मंत्री परवडले. तुम्हाला माझी आई माहीत नाही." मॅडम हसल्या. त्या हसतात हे कार्यालयात सांगितलं तर अजून कुणी विश्वास ठेवत नाही.

दुपारी ताईच्या घरून फोन आला. आधी सेक्रेटरी बोलले. आवाज पडलेला होता.

"साहेब, माफ करा." ते मला पहिल्यांदाच साहेब म्हणत होते. "तो टॉर्च एकावर एक फुकट होता. तुम्हाला फुकटातला दिला. विमानात लोक नाही नाही ते बोलत होते, पण माझी काही तोंड उघडायची हिंमत झाली नाही."

"जाऊ द्या हो. आई घाबरली का?"

"घाबरली? अहो, ऐका तरी. एक सूट घातलेला माणूस उभाच राहिला. म्हणाला, कोण आहे तो गाढव, ज्याने आपली वस्तू विमानात टाकली? सगळे हसले. आणि आईंनी हात वर केला."

"हात वर केला?"

"शाळेत करतात तसा. म्हणाल्या, 'माझा आहे.' मग त्या माणसाला म्हणाल्या, 'त्याने स्वतःहून सांगितलं म्हणून तुम्ही इथे बसून चिडू शकताय. आता खाली बसा आणि पट्टा लावा. तुमचा सैल आहे.'"

फोनवर आई आली. मी म्हटलं, "आई, विमान उडताना भीती वाटली का गं?"

"भीती कसली?" आई म्हणाली. "तू बघितलेलं होतं."